शुगरची आणि हार्टची औषधं: नर्सिंगवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

मी गोव्यातल्या डिचोलीची, नर्स म्हणून वॉर्डात २२ वर्षं झाली. मेडिसिन वॉर्ड, मग आयसीयू, आता परत मेडिसिन. पोस्टिंगला येणारी जीएनएमची आणि बीएस्सीची मुलं दरवर्षी जवळपास तेच प्रश्न विचारतात आणि ट्रॉली ढकलताना नीट उत्तर देता येत नाही, अर्धं सांगून होतं तेवढ्यात कुणाची तरी सलाईन संपते. म्हणून इथे एकत्र लिहून ठेवतेय. डोस मात्र तुमच्या वॉर्डाच्या प्रोटोकॉलप्रमाणे आणि ट्रीटमेंट शीट बघूनच द्यायचा.

एंडोक्राइन आणि कार्डिओ हे दोन वेगळे चॅप्टर आहेत, तुम्ही एकत्र का शिकवता?

कारण पेशंट एकत्रच घेऊन येतो. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या इंडियाब अभ्यासाचे आकडे आले त्यात डायबेटिसचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त गोव्यात होतं, २६.४ टक्के. म्हणजे मोठ्या माणसांत चारातल्या एकाहून जास्त. आणि ज्याला शुगर आहे त्याला बहुतेक वेळा बीपी असतंच, थोड्या वर्षांनी हार्टही येतं. पेडण्याहून किंवा वाळपईहून अ‍ॅडमिट व्हायला आलेल्या आजीची प्लास्टिकची पिशवी उघडून बघा, त्यात मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, टेल्मिसार्टन, अ‍ॅस्पिरिन, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, थायरॉक्सिन असं सगळं एका रबरबँडमध्ये बांधलेलं असतं.

आणि ही औषधं एकमेकांत लुडबुडतात. सगळ्यात महत्त्वाचं उदाहरण बीटा ब्लॉकरचं, म्हणजे पल्स आणि बीपी कमी करणाऱ्या गोळ्यांचं. शुगर खाली गेली की छातीत धडधडतं, हात थरथरतात, त्यावरून आपल्याला कळतं. पण पेशंट मेटोप्रोलोल किंवा प्रोप्रानोलोलवर असेल तर धडधड आणि थरथर दोन्ही झाकली जाते, पल्स ७० च दिसते. झाकला जात नाही तो फक्त घाम. मी नवीन होते तेव्हा एक काका दुपारी शांत पडून होते, पल्स छान, बीपी छान, मला वाटलं झोपलेत, बाजूच्या पेशंटची मुलगी म्हणाली की सिस्टर यांची उशी ओली झालीय. आरबीएस, म्हणजे त्या वेळची रक्तातली शुगर, ४१ आली. तेव्हापासून मी बीटा ब्लॉकरवाल्या डायबेटिक पेशंटच्या कपाळाला आणि मानेला हात लावूनच पुढे जाते.

म्हणून या दोन ग्रुपची कुठलीही औषधं देण्याआधी माझे दोन प्रश्न ठरलेले असतात: हा जेवला का, आणि याचं पोटॅशियम किती. खालची अर्धी उत्तरं या दोन प्रश्नांतच आहेत.

इन्सुलिनच्या वेळा डोक्यात राहत नाहीत, काय करू?

टेबल पाठ करू नका, जेवणाशी जोडा. अ‍ॅस्पार्ट, लिस्प्रो ही झटपटवाली १० ते १५ मिनिटांत सुरू होतात, म्हणजे ताट समोर आलं की द्यायची. रेग्युलर, ज्याला आपण प्लेन म्हणतो, ते अर्ध्या तासाने सुरू होतं, २ ते ४ तासांनी सगळ्यात जोरात असतं आणि ६ ते ८ तास टिकतं, म्हणून जेवणाआधी अर्धा तास. एनपीएच ढगाळ असतं, उशिरा सुरू होतं आणि त्याचा जोर साधारण ४ ते १२ तासांच्या मध्ये कधीतरी येतो. ३०/७० म्हणजे ३० टक्के रेग्युलर आणि ७० टक्के एनपीएच, तेही अर्धा तास आधी. ग्लार्जिनला असा जोराचा टप्पा नसतो, दिवसभर सारखं चालतं, म्हणून रोज ठरलेल्या वेळी द्यायचं.

आता खरी गोष्ट. परीक्षेत विचारतात इन्सुलिन कधी सुरू होतं. वॉर्डात त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याचा जोर कधी येतो, कारण हायपो, म्हणजे शुगर फार खाली जाणं, तेव्हा होतो. सकाळी ७ वाजता ३०/७० दिलं, नाश्त्याला पेशंटने पेजेचे चार घोट घेतले आणि वाटी सरकवली, मग ११ वाजता त्याला सोनोग्राफीला उपाशी नेऊन बसवलं, तर काय होणार ते सांगायला पुस्तक लागत नाही. इन्सुलिन दिल्यावर ताटात किती उरलं ते स्वतः बघा, नातेवाईक "जेवले जेवले" म्हणतात त्यावर विसंबू नका.

लाल टोपीची सिरिंज आणि नारिंगी टोपीची, कुठलीही चालते ना?

नाही, नाही आणि नाही. आपल्याकडे व्हायलमधलं इन्सुलिन बहुतेक वेळा ४० युनिट प्रति एमएल असतं, त्याला लाल टोपीची यू-४० सिरिंज. पेनच्या कार्ट्रिजमधलं १०० युनिट प्रति एमएल असतं आणि आता १०० च्या व्हायलही मिळतात, त्याला नारिंगी टोपी.

गणित करून बघा. ऑर्डर २० युनिटची आहे. पेन बिघडलं म्हणून कुणीतरी कार्ट्रिजमध्ये लाल टोपीची सिरिंज खुपसून २० च्या खुणेपर्यंत भरलं. ४० च्या सिरिंजमध्ये २० ची खूण म्हणजे अर्धा एमएल, आणि १०० च्या इन्सुलिनचा अर्धा एमएल म्हणजे ५० युनिट. अडीच पट. उलटं केलं तर २० च्या जागी ८ च युनिट जातात आणि मग शुगर का उतरत नाही म्हणून डोस वाढवत बसतात. कार्ट्रिजमधून सिरिंजने कधीच काढायचं नाही. व्हायलवरचा आकडा आणि टोपीचा रंग, दोन्ही मोठ्याने वाचायचं, दुसऱ्या सिस्टरला दाखवायचं. आणि ट्रीटमेंट शीटवर युनिट हा शब्द पूर्ण लिहायचा, नुसतं इंग्रजी यू लिहिलं की ते शून्यासारखं वाचलं जातं, ४ चे ४० होतात.

प्लेन आणि एनपीएच एका सिरिंजमध्ये घेताना आधी कुठलं?

हवा आधी ढगाळमध्ये, मग प्लेनमध्ये. औषध आधी प्लेनचं काढायचं, नंतर ढगाळ. म्हणजे प्लेनच्या बाटलीत एनपीएच जात नाही. एनपीएच हातात हलकेच घोळवायचं, जोरात हलवून फेस काढायचा नाही. ग्लार्जिन कशातच मिसळायचं नाही. आयव्हीसाठी वॉर्डात प्लेनच वापरायचं, ढगाळ इन्सुलिन शिरेत कधीच नाही. डीकेएला, म्हणजे इन्सुलिन कमी पडून रक्तात कीटोनचं आम्ल साचतं तेव्हा, इन्फ्युजन लावायच्या आधी माझा दुसरा प्रश्न येतोच: पोटॅशियम ३.३ च्या खाली असेल तर आधी पोटॅशियम भरायचं, इन्सुलिन थांबवायचं, कारण इन्सुलिन पोटॅशियमला पेशीत ढकलतं आणि रक्तातलं अजून खाली जाऊन हार्ट थांबू शकतं.

घरी फ्रिज नाही, इन्सुलिन कुठे ठेवायला सांगू?

न उघडलेलं २ ते ८ डिग्रीत, फ्रीजरमध्ये नाही, गोठलेलं फेकायचं. वापरात असलेलं थंड सावलीच्या जागी साधारण ४ आठवडे चालतं, बाटलीवर उघडल्याची तारीख लिहायला शिकवा. फ्रिज नसेल तर मातीच्या मडक्यात पाणी, त्यात भांडं आणि भांड्यात बाटली कोरडी राहील अशी. आपल्याकडच्या मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत ठेवलेलं इन्सुलिन विश्वासाचं राहत नाही हे आवर्जून सांगा, बरेच जण बाजारात जाताना तसंच ठेवतात.

हायपो झाला तर नक्की काय करायचं, पटकन सांगा.

७० च्या खाली म्हणजे हायपो. शुद्धीत आहे, गिळतोय, तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे साधारण तीन छोटे चमचे पाण्यात विरघळवून, १५ मिनिटांनी परत तपासायचं, अजून कमी तर परत. वर आली की काहीतरी खायला द्यायचं, उंडो, बिस्किटं, जे असेल ते, नाहीतर तासाभरात परत खाली. बेशुद्ध किंवा गुंगीत असेल तर तोंडात काही घालायचं नाही, साखरही नाही, छातीत जाईल. डॉक्टरला हाक मारायची, २५ टक्के डेक्स्ट्रोज शिरेतून, १०० एमएलमध्ये २५ ग्रॅम जातं. शीर मिळत नसेल तर ग्लुकागॉन १ मिलिग्रॅम स्नायूत.

पेशंट अ‍ॅकार्बोज किंवा व्होग्लिबोजवर असेल तर साखरेऐवजी ग्लुकोजची पावडर द्या, कारण साखर फोडायचं कामच त्या गोळ्यांनी अडवलेलं असतं. आणि ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्यांचा हायपो म्हातारं माणूस आणि किडनी खराब असेल तर एकदा वर आणून संपत नाही, दिवसभर परत परत येतो. शुगर १४० आली म्हणून आजीला घरी सोडलं आणि रात्री ती परत बेशुद्ध आली, हे मी पाहिलंय. अशा पेशंटला निदान २४ तास नजरेखाली ठेवतात.

अजून एक, आपल्याकडचं. चवथीच्या उपासाला गोळी घेऊन उपाशी राहणारे आणि उपाशीपोटी फेणी घेणारे, दोघांनाही हायपो होतो. दारूने लिव्हर साखर सोडायचं थांबवतं. आणि फेणीचा वास आला की सगळे म्हणतात पिऊन पडलाय. वास येऊ दे, बोट टोचून शुगर बघाच.

मेटफॉर्मिन आणि नवीन गोळ्यांबद्दल?

मेटफॉर्मिन जेवणासोबत, नाहीतर पोट बिघडतं. ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा आकडा, ३० च्या खाली असेल तर नाही. कॉन्ट्रास्ट सीटी किंवा अँजिओग्राफी असेल तर थांबवायची का हे आधी विचारा. वर्षानुवर्षं घेणाऱ्याला पायात मुंग्या येत असतील तर बी-१२ सुद्धा तपासावं लागतं, सगळं डायबेटिसवर ढकलू नका. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या लघवीतून साखर काढतात, आता हार्ट फेल्युअरलाही देतात, खाजगी जागी खाज किंवा इन्फेक्शन होतं आणि बायका ते सांगत नाहीत, तुम्ही विचारा. त्यांच्यावर शुगर १८० असतानाही कीटोअॅसिडोसिस होऊ शकतो, म्हणून ऑपरेशनच्या ३ दिवस आधी बंद करतात.

थायरॉईडची गोळी चहाबरोबर घेतली तर काय बिघडतं?

नीट शोषली जात नाही. उठल्यावर साध्या पाण्याबरोबर, मग अर्धा ते एक तास चहा, नाश्ता काही नाही. कॅल्शियम आणि आयर्नच्या गोळ्यांत ४ तासांचं अंतर. गोव्यातल्या घरांत सकाळी पोदेर (पाववाला) आला की चहा आणि पाव लगेच सुरू होतात, त्यामुळे बाटली उशीजवळ ठेवायला सांगते मी, चहाचं आधण ठेवायच्या आधी गोळी. ही मायक्रोग्रॅममध्ये असते, मिलिग्रॅम लिहिलं तर हजार पट फरक. डोस बदलल्यावर टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) ६ ते ८ आठवड्यांनी बघतात कारण औषध शरीरात सावकाश बसतं. हार्टच्या म्हाताऱ्या पेशंटला १२.५ किंवा २५ ने सुरू करतात. गोळी सुरू झाल्यावर छातीत दुखतंय म्हणाला तर लगेच कळवा, थायरॉईड वाढलं की हार्टला जास्त काम पडतं.

कार्बिमाझोल उलट्या बाजूचं, वाढलेलं थायरॉईड कमी करायला. त्यात एकच वाक्य पेशंटला घोटून सांगायचं: घसा दुखला किंवा ताप आला तर गोळी थांबवून त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी. पांढऱ्या पेशी कोसळतात.

स्टेरॉईड?

सकाळी, जेवणासोबत, आणि बरेच दिवस घेतलेलं अचानक बंद नाही. शुगर वाढणार, विशेषतः दुपारनंतर, म्हणून नुसती उपाशीपोटीची शुगर बघून निर्धास्त राहू नका.

डिगॉक्सिनच्या आधी मनगटाची पल्स घेतली तर चालेल?

नाही. डिगॉक्सिन हे हार्टचं औषध पल्स कमी करतं, म्हणून स्टेथो छातीवर लावून पूर्ण १ मिनिट. मोठ्या माणसात ६० च्या खाली तर थांबवा, लिहा, कळवा. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे ठोके अनियमित पडतात तेव्हा, सगळे ठोके मनगटापर्यंत पोचत नाहीत म्हणून मनगट फसवतं.

हे औषध फॉक्सग्लोव्ह नावाच्या झाडातून आलंय, १७८५ साली विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने त्याबद्दल लिहिलं, आणि तेव्हापासून याची अडचण तीच आहे: उपयोगाचा डोस आणि विषारी डोस यात अंतर फार कमी. पहिली लक्षणं पोटाची असतात. जेवायला नको, मळमळ, उलटी, मग सगळं पिवळसर किंवा अंधुक दिसणं. आणि पोटॅशियम कमी असेल तर नेहमीचाच डोस विष होतो. डिगॉक्सिनवालाच पेशंट बहुतेक लॅसिक्सवरही (लघवी वाढवून अंगातलं पाणी काढणारं औषध) असतो आणि लॅसिक्स पोटॅशियम बाहेर काढतं. एक मावशी शीत-हुमणाकडे (भात आणि माशाच्या कालवणाकडे) बघायला तयार नव्हत्या, तीन शिफ्ट सगळ्यांनी "हॉस्पिटलचं जेवण आवडत नाही" असंच लिहिलं. चौथ्या शिफ्टला पल्स ४४, पोटॅशियम २.८. ताट तसंच परत जातंय हेही निरीक्षणच आहे, ते नर्सेस नोटमध्ये लिहा.

लॅसिक्स आणि पोटॅशियमचं अजून थोडं सांगा ना.

लॅसिक्स शिरेतून सावकाश, भसकन दिलं तर कान वाजतात, ऐकू कमी येऊ शकतं. सकाळी आणि दुसरा डोस असेल तर दुपारी, रात्री दिलं तर म्हातारी माणसं अंधारात बाथरूमला उठतात आणि पडतात. रोज त्याच वेळी, त्याच काट्यावर वजन.

आता केसीएल. हे मी कितीही वेळा लिहीन. पोटॅशियम क्लोराईडची अँप्युल कधीही थेट शिरेत नाही. कधीही नाही. १० एमएलच्या अँप्युलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट असतं आणि दिसायला ती पाण्याच्या अँप्युलसारखीच असते. सलाईनमध्ये घालून, बाटली नीट हलवून, हातातल्या शिरेतून साधारण तासाला १० मिलिइक्विव्हॅलंटपेक्षा जास्त नाही, आणि लघवी होतेय ना हे बघून. वेगळ्या डब्यात, लाल लेबल लावून ठेवा. तुमच्या वॉर्डात ती डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारी दिसली तर स्टुडंट असलात तरी इनचार्ज सिस्टरला सांगा, यात लाजायचं नाही.

उलटी बाजूही आहे. स्पायरोनोलॅक्टोन आणि नावाच्या शेवटी प्रिल किंवा सार्टन असलेल्या बीपीच्या गोळ्या पोटॅशियम वाढवतात. भेटायला येणारे प्रेमाने आडसर (शहाळी) घेऊन येतात, आणि नारळाच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर. ताकद येईल म्हणून दिवसाला दोन-तीन पाजतात. किडनी अशक्त आणि वर या गोळ्या असतील तर ते प्रेमाने नाही म्हणायचं काम आपलं.

बीपीच्या गोळ्यांची नावं गोंधळतात.

नावाचं शेपूट बघा. प्रिलने कोरडा खोकला येतो, ओठ-जीभ सुजली तर इमर्जन्सी. पहिलं प्रिल, कॅप्टोप्रिल, ब्राझीलच्या एका विषारी सापाच्या विषावरच्या अभ्यासातून निघालं, हे सांगितलं की मुलं विसरत नाहीत. सार्टनला खोकला सहसा नाही, पण प्रिल आणि सार्टन दोन्ही गरोदरपणात चालत नाहीत. लोल म्हणजे बीटा ब्लॉकर, पल्स बघा, दमा विचारा, अचानक बंद नाही. डिपिनने घोटे सुजतात. आणि सुकी मासळी, खारं खाऊन बीपी वाढलं की गोळीला दोष देतात, पावसाळ्यात तर हमखास, तेव्हा आहार विचारताना नुसतं "मीठ कमी खाता ना" विचारू नका, सुकं किती खाता ते विचारा.

सॉर्बिट्रेट देताना काय बघायचं?

ही छातीत दुखण्यावरची, शिरा सैल करणारी गोळी. पेशंटला बसवा, जिभेखाली ठेवा, गिळायची नाही. आधी बीपी, वरचं ९० च्या खाली तर नाही. उभं राहून घेतली तर चक्कर येऊन पडतो. आणि सिल्डेनाफिल (व्हायग्रा) घेतलंय का हे विचारायलाच लागतं, मुलींना संकोच वाटतो मला माहीत आहे, पण २४ तासांत घेतलं असेल तर बीपी कोसळतं, टाडालाफिल असेल तर ४८ तास. बायकोला थोडं बाहेर थांबायला सांगून साध्या आवाजात विचारा, माणसं खरं सांगतात.

हार्ट अटॅकला आता गोव्यात जवळच्या केंद्रावर ईसीजी काढून, गरज असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच देऊन बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलला पाठवतात. त्या इंजेक्शनचा, टेनेक्टेप्लेजचा, डोस वजनावर असतो, म्हणून पेशंट आला की वजन विचारा, आणि ते डेक्स्ट्रोजच्या लाइनमधून जात नाही, आधी आणि नंतर एनएसने (नॉर्मल सलाईनने) लाइन धुवा.

हेपॅरिन आणि वॉरफरिन, दोन्ही एकदम का चालू असतात?

दोन्ही रक्ताची गुठळी होऊ न देणारी औषधं. वॉरफरिनला काम सुरू करायला काही दिवस लागतात, तोवर हेपॅरिन सांभाळतं. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघायला हेपॅरिनला एपीटीटी आणि उतारा प्रोटामिन, वॉरफरिनला आयएनआर आणि उतारा व्हिटॅमिन के. हेपॅरिनच्या व्हायलवर प्रति एमएल १००० आहे की ५००० ते दोघींनी वाचा. प्लेटलेट्स घसरत असतील, खास करून ५ ते १० दिवसांत, तर कळवा. एनॉक्सापॅरिनच्या भरलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढायचा नाही, बेंबीपासून दूर पोटाला, आणि नंतर चोळायचं नाही.

वॉरफरिनवाल्यांना सगळे सांगतात पालेभाजी बंद. ते चुकीचं सांगतात. तांबड्या भाजीत व्हिटॅमिन के आहे, पण ती बंद करायची नसते, रोजचं प्रमाण सारखं ठेवायचं असतं. आठवड्यातून दोनदा खात असाल तर दोनदाच खा. पावसाळ्यात परसात भाजी उगवली म्हणून रोज सुरू केली की आयएनआर खाली, वॉल्व्हवर गुठळी. आणि गुडघे दुखतात म्हणून फार्मसीतून पेनकिलर आणायची नाही, हेही त्याच दमात सांगा.

अ‍ॅमिओडॅरोन हार्टचं औषध, मग थायरॉईड का तपासतात?

कारण २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत साधारण ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं. थायरॉईड कमीही होऊ शकतं आणि वाढूही शकतं. औषध शरीरात आठवडे-महिने राहतं, म्हणून गोळी बंद झाल्यावरही त्रास येऊ शकतो. डिगॉक्सिन आणि वॉरफरिन दोन्हींचा जोर ते वाढवतं. आयव्ही देताना ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये, एनएसमध्ये नाही, आणि कॅन्युलाची जागा सारखी बघा, शीर सुजते. उन्हात कातडी भाजते, त्यामुळे होडीवर किंवा शेतात जाणाऱ्याला पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि टोपी सांगा.

माझ्याकडून चुकीचा डोस गेला तर?

आधी पेशंटकडे जा. शुगर, पल्स, बीपी, जे लागेल ते. मग लगेच सिस्टर आणि डॉक्टरला सांगा, मग लिहा. सेकंड इयरची एक मुलगी एकदा इन्सुलिन दोनदा गेल्याचं अर्ध्या तासात येऊन रडत सांगून गेली, आम्ही पेशंटला खायला दिलं, दर अर्ध्या तासाने शुगर बघितली, सगळ्यात खाली ६२ गेली आणि सावरली. तिने संध्याकाळपर्यंत लपवलं असतं तर आम्हाला कळलं असतं ते थेट फिट आल्यावर. मी तिला ओरडले नाही. त्या दिवशी तिच्याकडून ट्रीटमेंट शीटवर वेळ आणि सही टाकायची पद्धत पुन्हा बसवून घेतली: औषध देऊन झालं की तिथेच, पेशंटच्या पायाशी उभं राहून सही, पुढच्या बेडकडे जाण्याआधी.